आजारी मुलाला भरती करावे लागेल का? मशीन लर्निंगने अंदाज बांधण्याची पद्धत, पायरीपायरीने

इमर्जन्सी विभागात येणारी बहुतेक मुले तपासून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी जातात. अमेरिकेतील राष्ट्रीय सर्वेक्षणाची माहिती वापरून २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २००७ ते २०१५ या काळातील मुलांच्या ५२,०३७ भेटी होत्या. त्यांतल्या २,३५२, म्हणजे सुमारे साडेचार टक्के भेटी भरतीपर्यंत गेल्या. अतिदक्षता विभागात न्यावी लागलेली किंवा दगावलेली मुले होती १६३. अशी काही मुले येताना बाकीच्यांसारखीच दिसू शकतात. तक्रारही तीच असते: ताप, खोकला, उलट्या, ‘काही खात नाही’. ती रांगेत मागे राहू नयेत, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

मशीन लर्निंग, म्हणजे जुन्या नोंदींवरून संगणकाला अंदाज बांधायला शिकवणे, इथे मदत करू शकते, पण त्यात अल्गोरिदमचा, म्हणजे गणिती कृतीचा, वाटा छोटा आहे. खरे काम आधीचे असते. अंदाज नेमक्या कोणत्या क्षणी हवा, ‘भरती’ कशाला म्हणायचे आणि त्या क्षणी आपल्या हाती खरोखर काय असते, हे आधी ठरवावे लागते. म्हणून या लेखात त्या पायऱ्यांना जास्त जागा दिली आहे. सरावासाठी आपण वरच्या अभ्यासातलीच सार्वजनिक माहिती धरू. ती कुणालाही मोफत उतरवून घेता येते आणि साध्या लॅपटॉपवर चालते. पायथन किंवा आर यांपैकी एक संगणकभाषा कामापुरती यावी. आणि एक बालरोगतज्ज्ञ किंवा अनुभवी परिचारिका सोबत हवीच. त्यांच्याशिवाय हे काम सुरू करू नका.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

कागद घ्या आणि लिहा: ‘ट्रायेज संपताना, तोपर्यंत कळलेल्या गोष्टींवरून, हे मूल याच भेटीत भरती होण्याची शक्यता किती?’ ट्रायेज म्हणजे आल्या आल्या मूल किती गंभीर आहे हे पाहून त्याचा क्रम ठरवणे. या वाक्यातला ‘ट्रायेज संपताना’ हा भाग पुढच्या प्रत्येक निर्णयाला बांधून ठेवतो. डॉक्टरांनी तपासल्यानंतर अंदाज हवा असेल तर ते वेगळे मॉडेल, म्हणजे अंदाज बांधणारे वेगळे सूत्र. रक्ताचे रिपोर्ट आल्यानंतर हवा असेल तर आणखी वेगळे.

हा अंदाज कोण वापरणार, तेही त्याच कागदावर लिहा. वॉर्डात किती कॉट मोकळ्या ठेवायच्या हे ठरवणाऱ्या व्यक्तीला एकूण आकडा हवा असतो. आज संध्याकाळपर्यंत साधारण सात मुले वर येतील, एवढे कळले तरी तिचे काम होते. ट्रायेजच्या टेबलावरच्या सिस्टरला मात्र समोरच्या एकाच मुलाबद्दल जाणून घ्यायचे असते आणि चुकीची किंमत तिथे फार मोठी असते. एकच मॉडेल दोघांना देऊ नका.

पायरी २: भरती म्हणजे नेमके काय, ते ठरवा

बहुतेक प्रकल्प इथेच घसरतात, म्हणून इथे वेळ घ्या.

भरती हा डॉक्टरांनी घेतलेला निर्णय असतो. आजाराची तीव्रता हे त्यामागचे एक कारण, एकमेव नव्हे. एकाच ताकदीचा न्यूमोनिया झालेली दोन मुले घ्या. एकाचे घर रुग्णालयाशेजारी आहे. दुसरे डोंगराळ पाड्यावरून आले आहे आणि रात्री त्रास वाढला तर परत आणायला गाडी मिळणार नाही. दुसऱ्याला ठेवून घेतले जाते, आणि ते योग्यही असते. उलट बाजूने, वॉर्ड भरलेला असेल तर एरवी ठेवून घेतले असते ते मूल सलाईन देऊन, दोन तास बघून घरी पाठवले जाते. आईवडील मजुरी बुडेल म्हणून सल्ल्याविरुद्ध सही करून मुलाला घेऊन जातात. मॉडेल या साऱ्यातून शिकते. तुम्ही त्याला आजार शिकवत आहात असे तुम्हाला वाटते, आणि ते शिकत असते त्या रुग्णालयाची सवय.

उत्तराच्या रकान्यात, म्हणजे मॉडेलला जे ओळखायला शिकवायचे त्या रकान्यात, चुकीची गोष्ट ठेवली की काय होते, याचे ठळक उदाहरण २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा एक अल्गोरिदम रुग्णाची गरज ओळखण्यासाठी त्याच्यावर झालेला खर्च शिकत होता. कृष्णवर्णीय रुग्णांवर कमी खर्च होत आला होता, म्हणून तितकेच किंवा जास्त आजारी असूनही त्यांना कमी गुण मिळत. ही विषमता दूर केली असती तर जादा मदतीस पात्र ठरणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते. गणित बरोबर होते, उत्तराचा रकाना चुकला होता.

म्हणून पुढील गोष्टी सुरुवातीलाच लिहून ठेवा. दुसऱ्या रुग्णालयात पाठवलेले मूल ‘भरती’ धरायचे, कारण लहान रुग्णालयात बालविभाग नसतो आणि सर्वांत आजारी मुलेच पुढे पाठवली जातात. त्यांना ‘घरी गेले’ मध्ये टाकले तर मॉडेल नेमके उलटे शिकेल. काही तास निरीक्षणाखाली ठेवलेल्या मुलांचा वेगळा रकाना करा. डॉक्टरांनी पाहण्याआधी निघून गेलेली मुले आणि येतानाच मृत असलेली मुले वगळा, पण किती वगळली ते नोंदवा. सल्ल्याविरुद्ध नेलेल्या मुलांबद्दल बालरोगतज्ज्ञाशी बोला. डॉक्टरांनी भरतीचा सल्ला दिला होता, म्हणून ती भरतीतच धरावीत असे माझे मत आहे.

हेतू सुरक्षिततेचा असेल तर नुसत्या भरतीवर थांबू नका. अतिदक्षता, ऑक्सिजनची गरज, मृत्यू, घरी पाठवल्यावर ७२ तासांत परत येऊन भरती होणे, हे निकालही सोबत ठेवा. सवयीचा परिणाम त्यांच्यावर कमी होतो.

पायरी ३: माहिती मिळवा आणि धुऊन घ्या

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रांतर्गत राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्र आहे. त्याचे रुग्णालयातील बाह्यरुग्ण सेवांचे सर्वेक्षण १९९२ पासून सुरू झाले. त्यातल्या इमर्जन्सी विभागाच्या वार्षिक फायली केंद्राच्या संकेतस्थळावर मिळतात. प्रत्येक ओळ म्हणजे एक भेट. वय, लिंग, रुग्णवाहिकेने आले का, ताप, नाडी, श्वास, रक्तदाब, ऑक्सिजन, वेदना, ट्रायेजची पातळी, येण्याचे कारण आणि शेवटी काय झाले, हे सगळे त्यात असते.

फाइल उघडली की थेट मॉडेलकडे धावू नका. सोबतची मार्गदर्शक पुस्तिका वाचा. रिकाम्या नोंदीसाठी उणे ९, ‘माहीत नाही’साठी उणे ८ असे आकडे वापरलेले असतात. ते तसेच राहिले तर मॉडेलला उणे ९ ठोके पडणारे मूल दिसेल. तापमान फॅरनहाइटमध्ये आणि दशांश चिन्हाशिवाय आहे, ९८.६ तिथे ९८६ असे दिसते. नाडीच्या रकान्यातला ९९८ म्हणजे ठोके डॉपलर या ध्वनिलहरींच्या यंत्राने तपासले असा संकेत आहे, मोजलेली नाडी नव्हे. रकान्यांची नावे आणि संकेत वर्षागणिक बदलतात, म्हणून प्रत्येक वर्षाची फाइल वेगळी साफ करा आणि मगच जोडा.

त्यानंतर प्रत्येक मोजणीचा आलेख काढून बालरोगतज्ज्ञाला दाखवा. कोणता आकडा शक्य आहे आणि कोणता टंकलेखनाची चूक, हे तेच सांगू शकतील. मिनिटाला २२० नाडी हृदयाच्या वेगवान लयीत खरोखर असू शकते. ‘विचित्र आहे’ म्हणून ती पुसून टाकलीत तर नेमके गंभीर मूल पुसले जाईल.

ही माहिती नमुना सर्वेक्षणाची आहे आणि प्रत्येक भेटीला सांख्यिकी वजन, म्हणजे ती देशातल्या किती भेटींच्या वतीने मोजायची तो आकडा, दिलेले आहे. देशभराचे प्रमाण काढताना ते वजन वापरावेच लागते.

पायरी ४: पुढचे काही दिसू देऊ नका

प्रत्येक रकान्यासमोर एकच प्रश्न लिहा: हे ट्रायेज संपताना माहीत होते का? उत्तर ‘नाही’ किंवा ‘नक्की नाही’ असेल तर तो रकाना काढा.

या फायलींत केलेल्या तपासण्या, एक्स-रे, दिलेली औषधे, शिरेतून दिलेले द्रव, अंतिम निदान, विभागात घालवलेला वेळ, हे सगळे आहे. काही वर्षांच्या फायलींत निघतानाच्या मोजण्याही आहेत आणि त्यांची नावे येतानाच्या मोजण्यांसारखीच आहेत, तेव्हा डोळ्यात तेल घालून पाहा. सलाईन लावले हा रकाना मॉडेलला दिला तर ते फार हुशार दिसेल, पण सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांनी निर्णय तेव्हाच घेतलेला असतो.

पुढची माहिती अशी आधीच मॉडेलपर्यंत पोचणे म्हणजे गळती. आपल्या रुग्णालयाच्या माहितीत ही गळती जास्त लपलेली असते. केसपेपरवर ‘वजन’ हा रकाना फक्त भरती होणाऱ्या मुलांचाच भरला जात असेल, तर वजन असणे म्हणजेच भरती. ‘मुख्य तक्रार’ संगणकात संध्याकाळी, डिस्चार्ज कार्ड बघून भरली जात असेल, तर त्यात निदान शिरलेले असते. यासाठी टेबलापाशी एक दिवस उभे राहा आणि कोणती नोंद कोण, केव्हा करते ते पाहा. संगणकातली वेळ अनेकदा नोंद टाकल्याची असते, मोजल्याची नाही. ट्रायेजच्या माहितीवर मॉडेलची कामगिरी अचानक फारच उत्तम आली, तर आनंद होण्याआधी गळती शोधा.

पायरी ५: मुलाची नाडी वयाशिवाय वाचू नका

प्रौढांसाठी केलेले मॉडेल मुलांवर चालत नाही, त्याचे मुख्य कारण हे. २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये ६९ अभ्यासांतील निरोगी मुलांच्या मोजण्या एकत्र करून वयानुसार आलेख दिले गेले. जन्मतः श्वासाचा मध्य (निम्मी मुले ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात तो आकडा) मिनिटाला ४४ असतो, दोन वर्षांचे होईपर्यंत तो २६ वर येतो. नाडीचा मध्य जन्मतः १२७, महिन्याच्या सुमारास १४५ पर्यंत चढतो आणि दोन वर्षांना ११३ होतो. म्हणजे १४० ही नाडी महिन्याच्या बाळाला सर्वसाधारण आणि दहा वर्षांच्या मुलाला धोक्याची.

दोन गोष्टी करा. एक, नाडी आणि श्वास त्या वयाच्या मध्यापासून किती दूर आहेत असा नवा रकाना बनवा. दोन, आपल्याकडे आरोग्यसेविकांपासून वैद्यकीय अधिकाऱ्यांपर्यंत शिकवले जाणारे वेगवान श्वासाचे निकष होय-नाही स्वरूपात घाला: दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त. तापाने नाडी वाढतेच, ढोबळमानाने अंश सेल्सिअसमागे दहा ठोके. ताप लक्षात घेऊनही नाडी जास्त उरते का, हा रकाना उपयोगी पडतो.

एक वर्षाखालील वय दिवसांत ठेवा. या सर्वेक्षणाच्या बहुतेक वर्षांच्या फायलींत ते मिळते. २० दिवसांच्या बाळाला ३८ अंश ताप आणि २० महिन्यांच्या मुलाला ३८ अंश ताप या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. वयाच्या रकान्यात दोघांनाही ‘० ते २ वर्षे’ लिहिले तर मॉडेलला तो फरक कधीच कळणार नाही.

पायरी ६: रिकामे रकानेही बोलतात

खेळत असलेल्या तीन वर्षांच्या मुलाचा रक्तदाब सहसा कुणी घेत नाही. मलूल पडलेल्याचा घेतात. म्हणून ‘रक्तदाब नोंदवला नाही’ यातच सिस्टरचे मत दडलेले असते. रिकाम्या जागी सरासरी भरली की ते मत पुसले जाते आणि बरे मूलही सरासरी रुग्णासारखे दिसते.

एक मार्ग म्हणजे ‘मोजले की नाही’ हा वेगळा रकाना ठेवणे. एक्सजीबूस्ट, लाइटजीबीएम यांसारखी वृक्षाधारित मॉडेल, म्हणजे होय-नाही प्रश्नांच्या फांद्यांनी उत्तराकडे जाणारी, रिकामी जागा तशीच स्वीकारतात. पण यात एक धोका आहे. उद्या रुग्णालयाने प्रत्येक मुलाचा ऑक्सिजन मोजायचा नियम केला, तर ‘मोजले’ याचा अर्थच बदलेल आणि मॉडेल सगळ्यांनाच गंभीर म्हणू लागेल. त्यामुळे मॉडेल हा रकाना घेऊन आणि वगळून, असे दोन्ही प्रकारे करून पाहा. फरक थोडा असेल तर वगळलेले ठेवा. जागा भरायच्याच असतील तर भरण्याची रीत फक्त शिकवणीच्या भागावरून ठरवा, चाचणीच्या भागाला हात लावू नका (हे भाग पायरी ८ मध्ये पाडू).

पायरी ७: आईचे शब्द

अमेरिकी फायलींत येण्याचे कारण अंकी संकेतांत मिळते. त्याचे वीस-पंचवीस गट करा आणि पुढे जा.

आपल्याकडे ही माहिती मोकळ्या वाक्यात असते: ‘धाप लागते’, ‘छाती भरली’, ‘दूध ओढत नाही’, ‘डोळे फिरवले’, ‘अंग टाकलंय’, ‘सगळं उलटून टाकतो’. कधी मराठीत, कधी रोमन लिपीत, कधी ‘लूज मोशन ३ दिवस’ असे मिश्रण. हे वाक्य जसेच्या तसे एखाद्या भाषिक मॉडेलला देण्याआधी बालरोगतज्ज्ञासोबत बसून शब्दांची यादी करा आणि त्यांना चार धोक्याच्या खुणांशी जोडा: दूध-पाणी पिता न येणे, प्रत्येक वेळी उलटी, आकडी, सुस्ती किंवा बेशुद्धी. ही यादी कंटाळवाणी वाटते, पण तिच्याइतका फायदा दुसऱ्या कुठल्याही श्रमाने होत नाही.

युगांडातील जिंजा येथील प्रादेशिक रुग्णालयात ‘स्मार्ट ट्रायेज’ नावाचे मॉडेल तयार झाले. ते २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्यात नऊच गोष्टी आहेत: वय, नाडी, ताप, दंडघेर, रक्तातील ऑक्सिजन, श्वासाचा त्रास, सूज, फिकटपणा आणि पालकांना वाटणारी काळजी. आईची काळजी आकडेवारीच्या कसोटीवर टिकून मॉडेलमध्ये राहिली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तुमच्या ट्रायेजच्या फॉर्मवर हा प्रश्न नसेल तर आजच घाला. मेळघाटापासून पालघरपर्यंत अंगणवाडीत वापरली जाणारी दंडघेराची पट्टीही टेबलावर ठेवा. कुपोषित मुलाचा आजार वेगाने बिघडतो आणि ती पट्टी काही सेकंदांत ते सांगते.

पायरी ८: वर्षानुसार भाग पाडा

ओळी पिसून त्यातल्या ८० टक्के शिकायला आणि २० टक्के तपासायला, ही सवय इथे सोडा. मॉडेल उद्याच्या मुलांवर वापरायचे आहे, तेव्हा तपासणीही पुढच्या वर्षांवरच हवी. उदाहरणार्थ, २००७ ते २०१३ वर शिकवा, २०१४ आणि २०१५ बाजूला ठेवा, आणि अगदी शेवटी एकदाच उघडा. आपल्या रुग्णालयाची माहिती असेल तर एकाच मुलाच्या दोन भेटी दोन्हीकडे जाऊ नयेत. दमा किंवा सिकलसेल असलेले मूल वर्षातून अनेकदा येते. मॉडेल आजाराऐवजी त्या मुलालाच लक्षात ठेवील.

पायरी ९: मॉडेल

आधी फक्त ट्रायेजची पातळी वापरून अंदाज बांधा. ही तुमची पायाभूत रेषा. मग नियंत्रित लॉजिस्टिक रिग्रेशन (प्रत्येक घटकाला ठरावीक भार देऊन शक्यता काढणारे साधे सूत्र), मग ग्रेडियंट बूस्टिंग (आधीच्या चुका सुधारत जाणारे अनेक छोटे निर्णयवृक्ष). या क्रमानेच जा. पायथनच्या सायकिट-लर्न या साधनसंचात सगळे मिळते आणि ५० हजार ओळींना जास्त वेळ लागत नाही.

वर सांगितलेल्या २०१९ च्या अभ्यासात भरतीसाठी ट्रायेजच्या पातळीवर आधारित मॉडेलचा एयूसी (भरती होणारे मूल इतरांपेक्षा वर ठेवण्याची क्षमता; ०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे अचूक) ०.७३ होता, तर सर्वांत चांगल्या मशीन लर्निंग मॉडेलचा ०.८०. अतिदक्षतेसाठी हेच आकडे ०.७८ आणि ०.८५ होते. सुधारणा खरी आहे, पण ती मुख्यतः जास्त माहिती वापरल्यामुळे असू शकते. वैद्यकीय अंदाजांच्या ७१ अभ्यासांचा २०१९ सालचा आणखी एक आढावा आहे. त्यात लॉजिस्टिक रिग्रेशनच्या तुलनेत मशीन लर्निंगचा सरसकट फायदा दिसला नाही. जिंजाचे मॉडेलही लॉजिस्टिक रिग्रेशनच आहे. दोन्हींत फरक किरकोळ असेल तर साधे घ्या. ते कागदावर छापता येते, वीज गेल्यावरही चालते, आणि डॉक्टरांना ते वाचून आक्षेप घेता येतो.

भरती झालेली मुले थोडी असतात म्हणून कृत्रिम ओळी तयार करून दोन्ही बाजू समान करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो टाळा. त्याने शक्यतेचे आकडे फुगतात. पाच टक्के धोक्याच्या मुलाला मॉडेल ४० टक्के म्हणू लागते.

पायरी १०: मोजमाप प्रामाणिक ठेवा

अचूकता हा आकडा इथे निरुपयोगी आहे. ‘कुणीच भरती होणार नाही’ असे म्हणणारे मॉडेलही या माहितीत ९५ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ठरेल.

हजार मुलांचा हिशेब मांडा. त्यांतली ५० भरती होणारी आहेत. मॉडेलची संवेदनशीलता ८० टक्के, विशिष्टता ७० टक्के. म्हणजे ४० मुले ओळखली गेली, १० निसटली आणि घरी जाणाऱ्या ९५० पैकी २८५ जणांवर उगाच इशारा आला. एकूण ३२५ इशाऱ्यांत खरे ४०, म्हणजे आठात एक. आता हेच मॉडेल अशा मोठ्या रुग्णालयात न्या जिथे हजारात ३०० मुले भरती होतात. २४० इशारे खरे, २१० खोटे. निम्म्याहून अधिक खरे. मॉडेल तेच, पण वापरणाऱ्याचा अनुभव पार वेगळा. म्हणून हा हिशेब आपल्याच विभागाच्या आकड्यांवर मांडून सिस्टरांना दाखवा आणि विचारा: इतके इशारे झेपतील का?

पुढे कॅलिब्रेशन पाहा. ज्यांना २० टक्के शक्यता दिली अशी शंभर मुले घेतली तर त्यांतली वीसच्या आसपास खरोखर भरती झाली पाहिजेत. आलेख काढा, एका आकड्यावर विसंबू नका.

मग कुठे रेघ मारायची, म्हणजे किती टक्के शक्यतेपासून इशारा द्यायचा, ते ठरवा. १० टक्क्यांवर रेघ मारणे म्हणजे, एक मूल निसटणे हे नऊ खोट्या इशाऱ्यांइतके वाईट आहे असे तुम्ही मान्य केले. म्हणून खऱ्या इशाऱ्यांतून खोट्या इशाऱ्यांचा नववा भाग वजा करा. वरच्या पहिल्या उदाहरणात हा हिशेब ४० वजा (२८५ भागिले ९), म्हणजे हजारामागे सुमारे ८ येतो. सगळ्यांनाच गंभीर मानले तर ५० वजा (९५० भागिले ९), म्हणजे उणे ५६. शून्याच्या वर आणि ‘सगळे गंभीर’च्याही वर, म्हणून त्या रेघेवर मॉडेल उपयोगी. नऊ हा आकडा मात्र तुम्ही ठरवायचा नाही. तो बालरोगतज्ज्ञ आणि परिचारिका यांनी एकत्र बसून ठरवायचा.

प्रत्येक आकड्यासोबत बूटस्ट्रॅपने (त्याच ओळींतून पुन्हापुन्हा नमुने उचलून) काढलेली अनिश्चिततेची मर्यादा द्या. १६३ घटनांवरचा एयूसी दोन दशांशांपर्यंत ठामपणे सांगता येत नाही.

पायरी ११: कोणत्या मुलांवर चुकते?

एकूण आकडा चांगला असला तरी तीन महिन्यांखालची बाळे, जन्मजात हृदयविकार किंवा सेरेब्रल पाल्सी असलेली मुले, भाषा वेगळी असलेली कुटुंबे, यांच्यावर मॉडेल कसे वागते ते वेगळे तपासा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचे वाचन गडद त्वचेत खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकते, हे २०२० साली प्रौढ रुग्णांच्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आले. ऑक्सिजनवर फार विसंबणारे मॉडेल आपल्याकडे वापरताना हे लक्षात ठेवा.

निसटलेल्या मुलांचे केसपेपर एकेक करून वाचा. हे काम संगणकाला देऊ नका. आकड्यांत न दिसणारी गोष्ट तिथे सापडते: ताप उतरवायचे औषध देऊनच आणलेले मूल, किंवा पहिल्या मोजणीला शांत झोपलेले आणि म्हणून ठीक वाटलेले.

पायरी १२: आपल्या रुग्णालयात आणताना

अमेरिकी माहितीवरचे मॉडेल पुण्यात किंवा गडचिरोलीत तसेच लावू नका. आजार वेगळे, भरतीची कारणे वेगळी, घर ते रुग्णालय अंतर वेगळे. सरावातून पद्धत घ्या, आकडे मात्र आपल्या माहितीवर नव्याने काढा. माहिती थोडी असेल तर नऊ-दहा घटकांचे साधे मॉडेल घ्या.

रुग्णालयाच्या नैतिकता समितीची परवानगी पहिल्या दिवसापासून हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मार्च २०२३ मध्ये आरोग्यातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत, ती वाचा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. नाव आणि मोबाइल क्रमांक पुसले म्हणजे ओळख पुसली असे नाही. लहान गाव, जन्मतारीख आणि दुर्मिळ आजार एवढ्यावरून मूल ओळखता येते. गावाऐवजी अंतराचा गट आणि जन्मतारखेऐवजी वय ठेवा.

पायरी १३: आधी मूक चालवा

मॉडेल प्रत्यक्ष विभागात लावा, पण त्याचे गुण, म्हणजे त्याने दिलेली शक्यता, कुणालाही दाखवू नका. किमान एक पावसाळा आणि एक हिवाळा असे चालू द्या. डेंग्यूचे दिवस आणि खोकला-दम्याचे दिवस, दोन्ही त्याने पाहिले पाहिजेत. शेवटी अंदाज आणि वास्तव ताडून पाहा.

दाखवायला सुरुवात केल्यावर एक नियम कायम ठेवा: गुणांमुळे मुलाचा क्रम वर जाऊ शकतो, खाली कधीच नाही. सिस्टरला मूल गंभीर वाटत असेल तर मॉडेल काहीही म्हणो, मूल पुढे जाईल. आकडी, निळेपणा, बेशुद्धी अशा वेळी मॉडेलकडे पाहायचेच नाही, आधी उपचार.

वापर सुरू झाला की मॉडेलच भरतीवर परिणाम करू लागते. त्यानंतरच्या भरतीच्या नोंदींवर ते आंधळेपणाने पुन्हा शिकवू नका, नाहीतर ते स्वतःचेच म्हणणे शिकेल. म्हणूनच पायरी २ मध्ये अतिदक्षता, ऑक्सिजन आणि ७२ तासांत परत येणे हे निकाल सोबत ठेवायला सांगितले.

दर महिन्याला चार गोष्टी तपासा: किती मुलांना गुण मिळाले, इशाऱ्यांचे प्रमाण, कॅलिब्रेशन आणि निसटलेली मुले. परिस्थिती झपाट्याने बदलू शकते. अमेरिकेत २०२०-२१ च्या हिवाळ्यात तान्ह्या बाळांना भरती करायला लावणारा आरएसव्ही हा श्वसनाचा विषाणू जवळजवळ दिसलाच नाही आणि मग २०२१ च्या उन्हाळ्यात अवेळी उसळला. महिन्यावर भर देणारे मॉडेल त्या वर्षी दोनदा चुकले असते.

काम लिहून प्रसिद्ध करायचे असेल तर २०२४ ची ट्रायपॉड+एआय सूची, म्हणजे अशा मॉडेलच्या अहवालात काय असावे याची यादी, समोर ठेवून लिहा. तिच्यात २७ मुद्दे आहेत. आणि मॉडेल सुरू करण्याआधी, ते बंद करण्याचा अधिकार कोणाला आहे त्या व्यक्तीचे नाव व विभागातला अंतर्गत क्रमांक ट्रायेजच्या संगणकाशेजारी चिकटवा, त्याखाली मॉडेल बंद असताना वापरायचा छापील ट्रायेज तक्ता लावा, आणि रात्रपाळीच्या प्रत्येक सिस्टरला दोन्ही दाखवून द्या.